घंटेच्या जागी वरवंटा

लखू तांडेल यांच्यावर अन्याय झाला. एकसष्ट सालच्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, चौलमधल्या आमच्या वाचनालयाच्या तिसऱ्या पायरीवर झाला. तिथे उभं करून त्यांच्या कमरेची चावी काढून घेतली गेली. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण माणूस गेल्यावर जे लेख येतात त्यांत तो किती हसतमुख होता ते आधी येतं आणि त्याचं आपण काय केलं ते शेवटपर्यंत येतच नाही. तांडेल हसतमुख नव्हते. तिरसट होते, तोंडाळ होते, आणि प्रामाणिक होते. चावी काढून घेणाऱ्यांत मी होतो.

ते गेल्याची बातमी मला पेणला मिळाली. मिठागरातल्या कामगारांच्या सभेसाठी तिथे गेलो होतो. आमच्या अप्पा गुरुजींचं पोस्टकार्ड आलं, कोपरा फाडलेलं. तसलं कार्ड हातात पडलं की वाचायच्या आधीच कळतं, फक्त कोण ते पाहायचं राहतं. गुरुजींचं अक्षर आता थरथरतं. चारच ओळी होत्या. ‘लखू गेला. छातीचं दुखणं होतंच. शेवटपर्यंत त्याने चावी मागितली नाही, कागद मागितला. तुला ठाऊक आहे कोणता.’ मला ठाऊक होतं. सभेत त्या दिवशी माझं भाषण होतं, ते मी केलं. मिठागरवाल्यांच्या अन्यायावर तावातावाने बोललो, टाळ्याही मिळाल्या... आणि सबंध वेळ ते कार्ड वरच्या खिशात होतं.

ज्यांना आमचा वस्तुसंग्रह ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाचनालयाच्या मागे एक लांबट खोली आहे, पूर्वी तिथे सुपाऱ्यांची पोती ठेवत. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी अप्पा गुरुजींनी ती मागून घेतली. ते तेव्हा शाळेचे हेडमास्तर. आपल्या गावची जुनी चीजवस्तू आपल्याच गावात राहावी, भंगारवाल्याच्या पाटीतून मुंबईला जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. नोकर कोणी नाही. गुरुजी, नारळ-सुपारीच्या वाडीवाले दोघे-तिघे, आणि ज्याला वेळ मिळेल तो. झाडायचं आपण, पुसायचं आपण, दार उघडायचं आपण. पण वस्तूच मिळेनात. गुरुजी घरोघर फिरले. सगळे चहा देत, वस्तू देईनात. ‘गुरुजी, ही समई लग्नाला लागते. ही तुमच्या खोलीत गेली तर आमच्या पोरीच्या लग्नात काय कंदील लावू?’ गुरुजी चहा पिऊन पुढच्या घरी जात.

उत्तर तांडेलांनी काढलं. त्यांचा डावा पाय रेवसच्या धक्क्याला होडी आणि दगड यांच्या मध्ये सापडून चेंगरला होता. दर्या सुटला, म्हणून ते वाचनालयाच्या पायरीवर बसून जाळी विणत, येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारत. गुरुजींची रड ऐकून एक दिवस म्हणाले, “गुरुजी, तुमी मागता हाय चुकीचं. देवा म्हनू नका. ठेवा म्हना. सनाला त्यांची वस्तू त्यांनी न्यावी, सन झाला का आनून ठेवावी.” गुरुजी म्हणाले, “आणि नाही आणून ठेवली तर?” तांडेल म्हणाले, “दर्यावर नांगर मागाया कोन आला तं आमी त्याचं वल्हं ठेवून घेतो. वल्ह्याबिगर त्याची होडी कुठं जातंय? झक मारत येतो नांगर घेवून.”

हाच आमच्या संग्रहाचा कायदा झाला. लिहिलेला नव्हता, पण चौलपासून रेवदंड्याच्या कोळीवाड्यापर्यंत सगळ्यांना पाठ होता. वस्तू न्यायची तर तिच्या जागेवर आपल्या घरातली अशी चीज ठेवायची, जिच्यावाचून घराचं रोज अडतं. समई नेली की विळी ठेवा. देव्हाऱ्यातला शंख नेला की पाण्याचा पोहरा ठेवा. खोलीत जावं तर जुन्या वस्तूंच्या रांगेत मध्येच कुणाची खवणी, कुणाची ताक घुसळायची रवी, कुणाच्या म्हाताऱ्याची काठी. परक्याला वाटावं की बाजार मांडलाय. आम्हाला कळायचं, आज अमक्याच्या घरी कार्य आहे. तांडेल त्या चिजांना ‘राखणदार’ म्हणत. एकदा खुद्द गुरुजींनी आजोबांची पोथी घरी नेली आणि तिच्या जागी स्वतःचा चष्मा ठेवला. पाव तासात परत. “लखू, चष्मा दे. पोथी वाचायची कशानं?” तांडेल पायरीवरून हलले नाहीत. “कायदा म्हंजे कायदा, गुरुजी. चष्मा पायजे तं कवळी ठेवा.” गुरुजींनी छत्री ठेवली. श्रावणातली छत्री, म्हणजे पोथी दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी परत आली, भिजत आली.

चौदा वर्षं असं चाललं. गुरुजी सांगतात, एकही वस्तू बुडाली नाही. उशिरा आली, रुसून आली, एकदा तर भावाभावांत भांडण होऊन दोन तुकड्यांत आली, पण आली. चावी तांडेलांच्या कमरेला, करगोट्याला बांधलेली. उठताबसता ते तिच्यावर हाताने थाप मारत, जशी गाडीवाला बैलाच्या पाठीवर मारतो तशी. पितळी भांडी ते आमसुलाच्या पाण्याने घासत आणि घासताना त्या भांड्याच्या मालकाची कुळकथा सांगत, निंदेसकट.

मी तिथे आलो तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पत्रकं लिहून हात तयार झाल्यावर. आमचं घर आतल्या भागातलं, भातशेतीवालं. बाप मुंबईला गिरणीत. मी मॅट्रिकनंतर मामाकडे चौलला राहिलो आणि वाचनालयाचा सहचिटणीस झालो. वय बावीस. चार ओळींत माणूस कसा आडवा करावा हे मला येत होतं, आणि जे येतं ते माणूस वापरतोच. तांडेल मला ‘पत्रकवाल्या’ म्हणत. मला त्यांचा कायदा अडाणी वाटायचा. वस्तुसंग्रह म्हणजे क्रमांक हवेत, नोंदवही हवी, काचेची कपाटं हवीत. मी हे त्यांना तोंडावर सांगायचो. ते म्हणायचे, “काचंच्या आत ठेवलेलं मासं कोन खातो रं? नुसतं बगायचं.” मी म्हणायचो, “तांडेल, उद्या सरकारी माणूस आला तर त्याला काय, वल्ह्याची गोष्ट सांगणार?” ते म्हणायचे, “व्हय. त्याला दर्या म्हाईत नसल तं सांगाया नको?”

आणि सरकारी माणूस आला. मान्यता मिळावी म्हणून अर्ज मीच लिहिला होता. रेवसची लाँच पावसाळ्यात बंद, म्हणून साहेब पनवेलवरून एस.टी.ने खडखडत आले, बरोबर एक कारकून. आले ते नेमके नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या खोलीतली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे जुन्या जहाजाची पितळी घंटा. पोशा नाखवाच्या आजाला ती जाळ्यात सापडली होती. तेव्हापासून त्यांच्या घरची रीत अशी, की पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात जाताना नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ही घंटा वाजवायची. त्यासाठी पोशा ती आदल्या दिवशी घेऊन गेला होता, आणि त्याच्या बायकोने, बायजाने, तिच्या जागी पाट्यावरचा वरवंटा आणून ठेवला होता. ऐन सणात मसाला वाटायची पंचाईत. “तांडेल, तुझ्या त्या घंटेपायी आमचा धनी सनाचं कालवन पानचट जेवतो,” असं ती दरवर्षी ऐकवायची आणि दरवर्षी वरवंटा ठेवायची.

साहेब शेल्फांपुढून चालत सतरा क्रमांकाच्या कार्डापाशी थांबले. क्रमांकाची कार्डं मीच लिहून लावली होती. कार्डावर माझ्या वळणदार अक्षरात ‘जहाजाची घंटा, पितळी’. कार्डाच्या मागे वरवंटा, हळदी-मिरचीने पिवळा-तांबडा झालेला. साहेब हसले. “हीच का तुमची घंटा? वाजवून दाखवा बघू.” कारकूनही हसला. आमचे अध्यक्ष वाडीवाले, मानी माणूस, कानापर्यंत लाल झाले. तांडेल लंगडत पुढे आले आणि म्हणाले, “घंटा पोशाच्या घरी हाय. वरवंटा हाय न तिथं? मंग ती येतेच. भरती दोपारची हाय.” साहेबांना यातलं अक्षर कळलं नाही, ते त्यांचा दोष नाही. पण अध्यक्षांना कळलं होतं. गुरुजींना कळलं होतं. मला कळलं होतं. पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारीच येते आणि भरतीशिवाय होडी पाण्यात जात नाही, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोराला ठाऊक असतं. चार तास थांबा एवढंच म्हणायचं होतं. आम्ही तिघेही जमिनीकडे बघत उभे राहिलो. मुंबईच्या माणसापुढे आम्हाला आमच्या वरवंट्याची लाज वाटली. मग अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे वस्तू परस्पर बाहेर दिलीत?” आणि सगळे बाहेर पायरीवर आले, आणि चावी द्या म्हणाले, आणि करगोट्याची गाठ सुटेना म्हणून ती मी सोडवली. तांडेलांनी हात वर धरले होते, शिंपी माप घेतो तेव्हा धरतात तसे.

यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पोशाचं घर कोळीवाड्यात. माझ्याकडे सायकल होती, फार तर वीस मिनिटं लागली असती. मी तिकडे गेलो नाही. मी उलट्या दिशेला अलिबागला गेलो, छापखान्यात. दहा-अकरा मैल. माझ्या मते ही संधी होती. जुनी अंदाधुंदी जाईल, शिस्त येईल. उभ्याउभ्या मजकूर लिहिला. ‘घंटा कुठे आहे? चावी कोणाकडे होती? गावाने जाब विचारावा!’ शंभर प्रती. शाई ओली असतानाच गठ्ठा बांधून संध्याकाळी परत आलो. वाचनालयाच्या दारात गुरुजी उभे होते. म्हणाले, “घंटा आली. तीन वाजताच पोशा देऊन गेला. पुसून आणली होती.” मी गठ्ठा हातात घेऊन उभा. मामीने खळ शिजवून ठेवली होती. छापलेलं वाया घालवायचं नाही, हे आम्हा पत्रकवाल्यांच्या अंगात भिनलेलं असतं. मी स्वतःशी म्हटलं, प्रश्न एका घंटेचा नाही, तत्त्वाचा आहे. आणि दिवेलागणीच्या वेळी मी ती पत्रकं चिकटवत गेलो. देवळाच्या कट्ट्यावर, एस.टी.च्या थांब्यावर, कोळीवाड्याच्या तोंडाशी. एक तांडेलांच्या घराच्या भिंतीवर. आत तांडेलांची बायको, जनाबाय, भाकऱ्या थापत होती, आवाज येत होता.

पुढचं सोपं आहे. छापलेलं खरं असतं असं लोकांना वाटतं, म्हणून तर आम्ही छापतो. ‘लखूनं घंटा विकली व्हती, बोभाटा झाला तवा परत आनली,’ हे महिन्याभरात रेवदंड्यापासून थळपर्यंत झालं. जनाबाय बाजारात सुकट विकायला बसली की कुणीतरी म्हणायचं, “बाय, घंटा-बिंटा न्हाय का आज पाटीत?” ती उलट शिवी द्यायची, मग बसायचीच बंद झाली. समितीने ठराव लिहिला, ‘वस्तू परस्पर बाहेर दिल्याबद्दल लक्ष्मण तांडेल यांस कमी करण्यात येत आहे.’ घंटा त्याच दिवशी परत आली हे त्यात नाही. ठरावाचं लिखाण माझं आहे. मान्यता आली, काचेची कपाटं आली, कुलपं आली. आणि एक गंमत झाली, जिच्यावर मला आजही हसू येत नाही. साहेबांच्या कारकुनाने त्या सकाळी शेल्फावर जे दिसलं ते लिहून घेतलं होतं. क्रमांक सतरा : वरवंटा, दगडी, एक. त्या दिवशी खोलीला कुलूप होतं, म्हणून बायजा दुसऱ्या दिवशी वरवंटा न्यायला आली तर अध्यक्ष म्हणाले, यादीत चढला, आता देता येत नाही. घंटेला शेवटचा क्रमांक मिळाला. दोन्ही एकाच कपाटात, एकाच कुलपाआड.

पुढच्या साली नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोशा आला तो खांद्यावर सबंध पाटा घेऊन. घामाघूम. पायरीवर धाडकन ठेवला. “वरवंटा तं तुमच्याकडंच हाय. आता पाटा पन घेवा, पन घंटा देवा.” आम्ही दिली नाही. नियम. त्याने पाटा उचलला आणि गेला. त्या साली त्याची होडी घंटेवाचून पाण्यात गेली. मग एकेक करून लोक यायचे बंद झाले. समईवाल्यांनी पोरीच्या लग्नात समई मागितली, मिळाली नाही, त्यांनी लग्नाचं आमंत्रणही दिलं नाही. आज त्या खोलीत धूळ नाही, वस्तू नीट आहेत, काचा स्वच्छ आहेत, आणि महिनोन्‌महिने एकही माणूस फिरकत नाही. मला हवा होता तसा वस्तुसंग्रह झाला आहे.

तांडेलांनी तीन वर्षं एकच गोष्ट मागितली. दर महिन्याला समितीच्या बैठकीला लंगडत यायचे, दाराबाहेर बसायचे, आणि उठणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, “चावी नको मना. येका कागदावर लिवून देवा, का घंटा त्याच दिशी आली व्हती. सही-शिक्क्याचं. जनीला बाजारात दावाया.” अध्यक्ष म्हणायचे, बघू. गुरुजी एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, “तू लिहितोस ना, लिही.” मी म्हटलं, पुढच्या बैठकीत.

शेवटचा भेटलो शिमग्यानंतर. ते खाटेवर होते, छाती भात्यासारखी वाजत होती. जनाबायने मला आत घेतलं, हे तिचं मोठेपण. “बस बाला,” म्हणाली. चहा दिला. तांडेलांचा हात सवयीने कमरेवर गेला, थाप मारली, तिथे काही नव्हतं. मग म्हणाले, “पत्रकवाल्या, येक इचारू? खरं सांगशील?” मी म्हटलं, विचारा. “तू आमच्या भितीवर कागद लावलास, तवा घंटा येवून पोचली व्हती का नव्हती?”

मी म्हणालो, “आठवत नाही, तांडेल.”

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. “बरं,” म्हणाले. “दिवाबत्ती झाली व्हती, येवढं मना म्हाईत हाय...” मग जनाबायला म्हणाले, “याला थोडी सुकट बांधून दे. गावाकडं बोंबील बरं न्हाय मिलत.” ती पुडी घेऊन मी निघालो. भिंतीवर माझ्या पत्रकाचा एक कोपरा अजून चिकटलेला होता. खळ मामी चांगली शिजवते.

तांडेल, घंटा आली होती. तीन वाजता आली होती. मला ठाऊक होतं आणि मी चिकटवलं. हे तुम्हाला त्या खाटेपाशी सांगायचं होतं ते आता छापून सांगतो आहे, कारण खोटं मी छापून सांगितलं होतं. सही-शिक्क्याचा कागद मी एकट्याने देऊ शकत नाही, तो समितीने द्यायचा आहे. माझी सही या लेखाखाली आहे.

गेल्या आठवड्यात मी त्या खोलीत गेलो. क्रमांक सतरा. काचेतून वरवंटा दिसतो. दगडाच्या रेषांत अजून हळद आहे, तीन वर्षांपूर्वीची. तो त्या खोलीतला शेवटचा राखणदार आहे. घंटा परत आली, त्याला मात्र कोणी सोडवलं नाही. जिच्यासाठी तो बसला होता ती त्याच्या शेजारी मुकी उभी आहे. दुसरी कोणतीही वस्तू पाहून मला तांडेल आठवत नाहीत, हा दगड पाहून आठवतात.

यंदाच्या नारळी पौर्णिमेला महिना उरला आहे. आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता समितीची बैठक आहे, आणि मी दारात उभा असेन, खळीचा डबा आणि ब्रश हातात घेऊन. ब्रशावाचून माझं रोज अडतं, म्हणून तोच शेल्फावर ठेवणार आहे. जनाबायच्या हातात तो कागद पडेपर्यंत आणि बायजाचा वरवंटा तिच्या घरी जाईपर्यंत उचलणार नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांनी माझं पत्रक वाचून मान डोलावली, ज्यांनी जनाबायला बाजारात घंटेवरून चिडवलं, ज्यांची समई, शंख, पोथी त्या काचेआड आहे, त्या सगळ्यांनी या. नुसते येऊ नका. घरातली जी वस्तू नसली तर संध्याकाळी चूल पेटत नाही, ती हातात घेऊन या, शेल्फावर ठेवा, आणि समितीला तोंडावर विचारा : लखू तांडेलांचा कागद कुठे आहे?